कानावरची खूण

रायभान हटकराच्या काठीची चव मी घेतली आहे, आणि त्याच काठीने एकदा माझा जीवही वाचवला आहे. त्यामुळे त्याच्याविषयी बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजतो. लोक त्याला दांडगट म्हणून मोकळे होतात. दांडगट तो होताच, त्यात मी काही कमी करून सांगणार नाही. पण नुसत्या दांडगटापायी मी एवढी शाई खर्च केली नसती.

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. समन्स बजावायचं, जप्ती करायची, लिलाव पुकारायचा आणि या सगळ्याबद्दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. खाकी सदरा सरकारचा आणि त्याच्या आतली पाठ माझी, हे ज्याला समजलं तोच या नोकरीत टिकला.

रायभान पालमच्या बाजूचा. मेंढरांचा धंदा बापजाद्यांचा. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी आणि हातात बोरीची काठी. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटायचं हा भांडतोय, आणि खरोखर भांडायला लागला की बोलणं बंद व्हायचं. मग फक्त काठी. एकदा एका शेतमालकाने पिकात शिरली म्हणून त्याची मेंढी कोंडून ठेवली. रायभानने गोठ्याचं दार फोडून मेंढी काढली आणि जाता जाता मालकालाही झोडपलं. लांडग्याने कोकरू उचललं तेव्हा हा त्याच्यामागे नाल्यात उतरला आणि लांडग्याला दगडाने ठेचूनच वर आला. दंडाचा लचका गेला होता. त्यात हळद दाबली आणि पुन्हा खांडामागे उभा राहिला. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. त्याची बायको म्हाळसाबाई म्हणायची, "ह्यांला मानूस कोन आन् लांडगा कोन, कायबी कळत न्हाई. मेंढराला हात लावला की संपलं."

त्याच्या घराण्याच्या मेंढरांना एक खूण असायची. डाव्या कानाला टोकापासून सरळ चीर. कोकरू महिन्याचं झालं की रायभान ते मांडीत दाबायचा, चाकू फिरवायचा आणि रक्तावर चुलीतली राख दाबायचा. उघड्या रानात दहा जणांची खांडं एकमेकांत मिसळतात, बाजारात हरवतात, चोरीला जातात. तेव्हा साक्षीदार एकच, तो म्हणजे कान. पंच बसले तरी ते आधी मेंढीचा कान उलटून बघतात. ज्याची खूण त्याची मेंढी, यावर त्या माणसांत वाद होत नाही. रायभानचा सगळा न्याय त्या एका चिरेत मावत होता, आणि त्याचं वाटोळंही तिथूनच झालं.

बहात्तरच्या दुष्काळात रानात काडी उरली नाही. पालमला दत्तराव नावाचा मेंढरांचा दलाल होता. हैदराबादेत विकून पैसे आणून देतो म्हणाला. डोळ्यांदेखत मेंढरं मरण्यापेक्षा बरं, म्हणून रायभानने अख्खं खांड त्याच्या ट्रकमध्ये चढवलं. दत्तरावने ऐटीत चिठ्ठीही लिहून दिली. अडाणी माणूस कागद घेऊन काय करणार आहे, असा त्याचा हिशोब. पैसे काही आले नाहीत. रायभान मागायला गेला, दत्तराव धंदा बुडाल्याचं सांगून हसला, आणि रायभानने त्याचे पुढचे दात पाडले. त्यापायी तुरुंगात जाऊन आला. सुटल्यावर एका वकिलाने त्याला सांगितलं की दात पाडून वसुली होत नसते, दावा लाव. त्याने दावा लावला आणि कोर्टाने त्याला हुकूमनामा दिला.

याच दत्तरावच्या ट्रकवर लिंबाजी हमाली करायचा. पालमच्या बौद्धवाड्यातला, अंगापिंडाने मजबूत माणूस. पोखर्णीच्या रस्त्याला मेंढरं भरून जाताना ट्रकने गचका खाल्ला, मागच्या फळीवर बसलेला लिंबाजी खाली पडला आणि चाक त्याच्या कमरेवरून गेलं. ट्रक थांबला. ड्रायव्हरशेजारी दत्तराव बसला होता. उन्हात मेंढरं गुदमरतील म्हणून त्याने लिंबाजीला ओढून कडेच्या झाडाखाली टाकायला लावलं आणि ट्रक पुढे काढला. लिंबाजी दुपारभर जिवंत होता. मागून आलेल्या गाडीवानाने पाहिलं तेव्हा तो पाणी मागत होता, आणि गाडीवानाने पाणी आणेपर्यंत लिंबाजी गेला. मेंढरं मात्र सगळी जिवंत पोचली.

त्याची बायको सुलाबाई. ती रडून गप्प बसणारी नव्हती. वाड्यातल्या एका गुरुजींनी तिला वकील गाठून दिला. गाडीवानाने न घाबरता साक्ष दिली आणि नुकसानभरपाईचा हुकूमनामा तिलाही मिळाला. पण हुकूमनामा मिळणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. सरकारने लिहून दिलं म्हणजे सरकारच आणून देईल, असं समजून ती बिचारी वाट बघत बसली. दत्तरावचं घर बायकोच्या नावावर, ट्रक मेव्हण्याच्या नावावर, आणि स्वतः दत्तराव पांढरंशुभ्र धोतर नेसून राजरोस हिंडत होता. त्याला बघितलं की माझीच मूठ वळायची, मग त्या दोघांचं काय होत असेल!

शहात्तर साली रायभानला खबर लागली. नदीकाठच्या एका मळ्यात दत्तरावने मेंढरं पाळली आहेत, आणि ती त्याच्या स्वतःच्या नावावर आहेत. रायभानने लगेच वसुलीची दरखास्त दिली. जप्तीचा हुकूम घेऊन मी निघालो, सोबत तो.

मळ्याच्या फाटकात चार गडी उभे होते. मी हुकूम वाचायला लागलो. पहिली ओळ संपायच्या आत एकाने कागद फाडला आणि दुसऱ्याने माझ्या पोटात लाथ घातली. मी गुडघ्यावर आलो. मान वर केली तर डोक्यावर कुऱ्हाड. तेवढ्यात रायभानची काठी त्या गड्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. कुऱ्हाड माझ्या कानाशेजारून जाऊन मातीत रुतली. मग रायभानने उरलेल्यांना जे धरलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दोघे पळत होते, एक विहिरीच्या थारोळ्यात पडून रक्त ओकत होता, आणि मनगटवाला आईच्या नावाने बोंबलत होता.

रायभान वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात शिरला. एकेका मेंढीचा कान उलटून बघायला लागला. एका काळ्या तोंडाच्या मेंढीपाशी तो एकदम खालीच बसला.

"बेलीफसायेब, हिकडं या. ही मोरी हाय माझी. कान बगा. माझ्या हातची चीर हाय ही."

दत्तरावने हैदराबादेत सगळी विकली नव्हती. चांगल्या तरण्या मेंढ्या निवडून मागे ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर खांड वाढवलं होतं. रायभानने मोरीच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो दांडगा माणूस हुंदके देऊन रडला. मग तो उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "चला, घरी घिऊन जातो समदी."

इथे माझी पंचाईत झाली. मी म्हणालो, "रायभान, ही मेंढरं तू दत्तरावच्या स्वाधीन केलीस आणि दाव्यात त्यांची किंमत मागितलीस. आता ती त्याची. कोर्ट त्यांचा लिलाव करील आणि आलेल्या पैशातून तुझी वसुली होईल. तोवर ती पोलीस पाटलाच्या ताब्यात राहतील."

"कान बगितला का तुमी?"

"बघितला. कोर्ट कान बघत नाही."

तेव्हा ती काठी माझ्या खांद्यावर बसली. नुकताच याच काठीने वाचवलेला मी त्याच काठीने आडवा झालो. दुसरा तडाखा त्याने उगारला आणि तसाच खाली घेतला, का ते त्यालाच ठाऊक. मी मातीत पडल्या पडल्या पंचनामा लिहिला आणि मेंढरं पाटलाकडेच पोचवली. खांद्याचं हाड अजून थंडीत दुखतं.

पुढे वकिलाने रायभानला एक वाट दाखवली. ज्याच्या हुकूमनाम्यापायी लिलाव होतो, त्याला कोर्टाची परवानगी काढून स्वतः बोली लावता येते. माल त्याच्याच नावावर सुटला तर किंमत त्याच्या येण्यात वळती होते. रोख द्यावी लागत नाही. हे ऐकून रायभानच्या अंगात वारं भरलं. म्हणजे नुसतं ओरडायचं आणि खांड घरी न्यायचं! त्याने परवानगी काढली. म्हाळसाबाईने परड्यातली वाघर दुरुस्त करून ठेवली.

त्याच आठवड्यात सुलाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जप्तीची बातमी पालमच्या बाजारात पोचली होती. "सायेब, दत्तरावचा माल धरला म्हनं. माझा हुकूमनामा तर आधीचा हाय. मला कवा बोलवनार?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. दिवाणी कायद्याचं त्र्याहत्तरावं कलम पंगतीसारखं आहे. वाढायला सुरुवात होण्याआधी जो येऊन पानावर बसला, त्यालाच वाढतात. तू हुकूमनामा घरी ठेवून दारात उभी आहेस. लिलावाची रक्कम कोर्टात जमा व्हायच्या आत तू स्वतःची दरखास्त दिलीस, तर रायभान आणि तू एका पंगतीत. मग आधी कोण आला, जप्ती कोणी आणली, हे कोर्ट विचारत नाही. लिलावाचा खर्च वजा जाता ज्याचं जेवढं येणं, त्या प्रमाणात वाटा. पण रक्कम जमा झाल्यावर आलीस, तर उष्ट्या पत्रावळीसुद्धा मिळणार नाहीत.

"बोलीच्या दिवशी सकाळीच येते," ती म्हणाली. तिचा वकील गावाहून त्याच दिवशी परतणार होता.

कोर्टाच्या आवारात कुठली गोष्ट लपत नाही. रायभानच्या वकिलाने त्याला सांगितलं की आता किंमत सगळी वळती होणार नाही. बाईच्या वाट्याची रक्कम रोख भरावी लागेल. रायभानचं येणं तिच्या दुप्पट, म्हणजे तीन हिश्श्यांतला एक तिचा. रोख रायभानकडे कुठली? त्याला त्यातलं एकच कळलं. मेंढरं आणि त्याच्यामध्ये दोन माणसं उभी आहेत, एक बोली चढवणारा आणि एक ही बाई.

बोली चढवणाऱ्याचा बंदोबस्त त्याने आदल्या दिवशी केला. खाटकांचे अडते खानावळीत जेवत होते. त्यांच्यातल्या म्होरक्याला रायभानने ताटावरून उठवला, दारातल्या उखळावर त्याचा हात आडवा ठेवला आणि काठीने मोडला. बाकीच्यांना म्हणाला, "उंद्या आवारात दिसलात तर मुंडी मोडीन." जेवण तसंच टाकून ते पळाले. घरी म्हाळसाबाई त्याच्या आडवी आली. "अडत्याला मारलं ते मारलं. त्या रांडमुंड बाईला हात लावू नका. तिचा नवरा गेलाय." तिलाही त्याने ढकलून पाडलं.

लिलावाच्या सकाळी पालमची एस.टी. आली. सुलाबाई हुकूमनामा फडक्यात बांधून उतरली. रायभान रसवंतीच्या छपराखाली उभा होता. तो आडवा झाला आणि म्हणाला, "ए बाई, माघारी जा. माझी मेंढरं हायती ती."

"तुमची कशी दादा? दत्तरावची हायती. आन् त्यानं माझा मानूस मारलाय."

"माघारी जा म्हनलं ना!"

ती त्याला वळसा घालून चालायला लागली. त्याने मागून काठी हाणली. डोक्यावर बसली असती तर मेलीच असती. काठी डोक्यावरून घसरून डाव्या कानावर आली आणि कानातल्या बुगडीसकट पाळी खालपर्यंत फाटली. सुलाबाई गुडघ्यावर पडली. स्टँडवरची सगळी माणसं बघत होती, एकही पुढे झाला नाही. मला अजून त्या माणसांचा संताप येतो. दुसरी काठी तिच्या पाठीत बसली. तिसरी बसायच्या आत ती उठली, पदर कानावर दाबला आणि कोर्टाकडे चालायला लागली. पळाली नाही. रायभान मागून ओरडत राहिला, पण का कोण जाणे, त्याचे पाय हलले नाहीत.

ती कोर्टात आली तेव्हा खांदा रक्ताने भिजला होता. कारकून म्हणाला, "बाई, आधी दवाखान्यात जा." ती म्हणाली, "आधी दरखास्त घ्या. मग दवाखाना." तिच्या वकिलाने अर्ज पुढे केला. प्रौढ वर्गात शिकलेली सही तिने सावकाश पूर्ण केली. अर्जावर शिक्का पडला. मग ती भिंतीला टेकली आणि घसरून खाली बसली.

लिलाव मीच पुकारला. मेंढरं लिंबाच्या झाडाखाली उभी होती. आवारात माणूस नव्हतं. अडते रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहाच्या पेल्यांआड लपून बघत होते. रायभानने बोली लावली, तीही मातीमोल. मी पुन्हा पुन्हा पुकारा केला. दुसरा आवाज आला नाही. बोली त्याच्यावर सुटली. तो मोरीच्या गळ्यात दोरी घालायला धावला.

कोर्टाचे नाझर म्हणाले, "थांब. एक हिस्सा बाईचा आहे. तो आणि लिलावाचा खर्च रोख भर, मग सोड मेंढरं."

"ती आली कवा?" रायभानने विचारलं. त्याला वाटलं होतं, ती दवाखान्यात पडली असेल.

तो मेंढरं सोडून सरळ न्यायाधीशांसमोर घुसला. मी मागे धावलो. भर कोर्टात त्याने काठी आपटली आणि ओरडला, "सायेब, कसला हिस्सा? कोनाचा हिस्सा? ह्या मेंढरांच्या कानाला माझी खून हाय. माझ्या बापाची खून हाय. बाहीर चला आन् कान बगा. ज्याची खून त्याचं जनावर!"

न्यायाधीश काही बोलायच्या आत कोपऱ्यातून सुलाबाई उठली. भिंतीचा आधार घेत पुढे आली आणि तिने कानावरचा पदर काढला. पाळीचे दोन भाग लोंबत होते. डावा कान, टोकाकडून सरळ चीर.

"मग माझा बी कान बगा सायेब. ह्याचीच खून हाय, आज सकाळचीच. म्या बी ह्याची मेंढीच का मग? मला बी दोरी लावून न्ह्यावं का ह्यानं?"

रायभान त्या कानाकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने शेकडो कान असेच चिरले होते. हातातली काठी माझ्या पायावर पडली, ती त्याने उचलली नाही.

न्यायाधीशांनी फौजदाराला बोलावणं पाठवलं आणि कायदा सांगितला. जप्ती आणणाऱ्याचा माल होत नाही, माल कोर्टाच्या हाती असतो. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला आपल्या येण्याच्या प्रमाणात वाटा. मग त्यांनी सुलाबाईला एक गोष्ट विचारली. "बाई, याने तुमचा हिस्सा मागाहून थोडा थोडा करून दिला तर चालेल का? तसं असेल तर मेंढरं याच्याकडे जातील. तुमच्या खुशीचा प्रश्न आहे."

सगळं तिच्या एका शब्दावर आलं होतं. रायभान तिच्याकडे बघत नव्हता, खाली फरशीकडे बघत होता.

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "दत्तराव बी मागाहूनच देनार व्हता. मला रोख पायजे."

मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर रायभानला फाशी मागितली असती.

रोख भरली नाही, तर माल तिथल्या तिथे पुन्हा विकायचा, असा कायदा. फौजदार शिपाई घेऊन आवारात आला आणि त्याला बघून रस्त्यापलीकडचे अडतेही आले. रायभानने बाईवर काठी उचलली नसती, तर पोलीस आले नसते, आणि पोलीस आले नसते तर बोली चढली नसती. दुसऱ्या बोलीत सकाळच्या चौपट किंमत आली. कागदावर बघितलं तर रायभानचा फायदाच झाला. ट्रक आवारात घेतला आणि मेंढरं चढवायला सुरुवात झाली.

दोन शिपायांनी रायभानला धरून ठेवलं होतं. मोरीची पाळी आली. तिला वर ओढलं तशी ती ओरडली, आणि रायभानने दोन्ही शिपाई झटकून दिले. ट्रकला झडप घालून त्याने मोरीचा मागचा पाय धरला. वरून अडत्याचा गडी ओढतोय, खालून रायभान. शिपायांनी लाठ्या चालवल्या. पाठीवर, मानेवर, शेवटी हातावर. उजव्या हाताची बोटं मोडली तरी मूठ सुटेना. मोरीचा पाय मात्र तुटला. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. पाय तुटल्याचं कळताच रायभानने स्वतःहून मूठ सोडली आणि तो मातीत कपाळ आपटायला लागला. शिपाई त्याला फरपटत घेऊन गेले.

म्होरक्या अडता हात गळ्यात बांधून उभा होता. त्याने मोरीकडे बघितलं. "गाभण हाय, पाय मोडलाय, वाटंतच मरंल. फेका खाली. उशीर करू नका, बाकीची गुदमरतील."

मोरीला वरून लोटून दिलं आणि ट्रक गेला. ती लिंबाखाली पडून तोंड वासत होती. आवार रिकामं झालं. दवाखान्यातून कान शिवून सुलाबाई परत आली होती, ती पायरीवर बसली होती. "गुदमरतील" हा शब्द तिने ऐकला होता. ती उठली, बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि मेंढीच्या तोंडाशी धरलं.

मी म्हणालो, "सुलाबाई, त्याची मेंढी आहे ती. कशाला?"

"लिंबाजीला बी असंच टाकलं व्हतं झाडाखाली," ती म्हणाली. "पानी न्हाई भेटलं त्याला." आणि मग मात्र ती रडली, इतक्या मोठ्याने की आतले वकील बाहेर आले. मीच बैलगाडी करून दिली. ती मोरीला पालमला घेऊन गेली.

वाटप झालं. दोन हिस्से म्हाळसाबाईने उचलले, एक सुलाबाईने. दत्तरावकडे बाकीचं येणं तसंच राहिलं. रायभानला सजा झाली, आणि या वेळी तो तुरुंगात कुणाशी भांडला नाही, असं ऐकलं.

सुटल्यावर तो माझ्याकडे आला. उजव्या हाताची बोटं वाकडी, हातात काठी नाही. "बेलीफसायेब, पालमला चलता का? एकटा गेलो तर ती समजंल मारायला आलो."

आम्ही बौद्धवाड्यात गेलो. सुलाबाई दारात जोंधळे पाखडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि पायाशी पडलेला दगड हातात घेतला. तो लांबच उकिडवा बसला. परड्यात मोरी होती, तीन पायांवर. तिच्या पोटाखाली महिन्याभराचं कोकरू लुचत होतं. तिच्या पोटातलं पहिलं ट्रकच्या धक्क्याने गेलं होतं, हे दुसरं.

रायभानने कमरेची पिशवी सोडून पुढे ठेवली. "माझ्या वाट्याचे समदे पैसे हायती. मोरी द्या."

"इकायची न्हाई."

त्याने पिशवी मागे ओढली आणि मोरीकडे बघितलं. मग सुलाबाईने दगड खाली ठेवला. "मला मेंढरामागं हिंडायला येळ न्हाई. वाट्यानं न्हेत असशील तर न्हे. जी पिल्लं व्हतील ती निम्मी तुजी, निम्मी माजी. घोळ केलास तर कोर्ट हायच."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. त्या घरातलं पाणी त्याच्या सात पिढ्यांत कुणी प्यालं नव्हतं. रायभानने तांब्या डाव्या हाताने उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.

मग सवयीने त्याने कोकरू ओढून मांडीत दाबलं. महिन्याचं झालं होतं, खुणेची वेळ झाली होती. वाकड्या बोटांनी चाकू उघडला, डावा कान चिमटीत धरला आणि वर बघितलं. सुलाबाईचा हात आपल्या फाटक्या कानावर गेला होता. तिला ते कळलंही नसावं. रायभानने चाकू मिटला आणि कोकरू सोडून दिलं.

त्यानंतर काही वर्षांनी पोखर्णीच्या नरसिंहाच्या यात्रेत तो मला दिसला. मागे बऱ्यापैकी खांड होतं, आणि एकाही मेंढीच्या कानाला चीर नव्हती. दुसऱ्या खांडात मिसळली की त्याची मेंढरं लोक बिनदिक्कत ठेवून घ्यायचे आणि तो भांडायचा नाही. मी विचारलं, "रायभान, खूण का करत नाहीस? लोक लुटतात तुला."

"निम्मी तिची हायती, बेलीफसायेब," तो म्हणाला. "कोन्च्या कानावर माजी खून करू?"